वाळवण

आपल्या शहरी माणसांचा गवताशी संबंध येतो तो गणपतीच्या दूर्वांपुरता, फार तर बागेतल्या हिरवळीवर बसून भेळ खाण्यापुरता. गवत कापावे लागते, वाळवावे लागते आणि मग ते वर्षभर पुरवून वापरावे लागते, हे आपण कधीतरी शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. पण या तीन क्रियापदांमध्ये एखाद्या माणसाची झोप उडवण्याइतके काही असेल असे वाटत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यात मी ती झोप उडालेली पाहिली. कुठे, तर अमेरिकेत. आणि तीही एका अशा म्हाताऱ्या शेतकऱ्याची, ज्याची सारी अवजारे वयाने त्याच्या आसपासचीच होती.

आमचा मुलगा न्यूयॉर्क राज्यात राहतो. न्यूयॉर्क म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गगनचुंबी इमारती उभ्या राहतात. पण त्या शहरापासून मोटारीने चार-पाच तास आत गेले की टेकड्या, लांबट तळी आणि कुरणे यांचा मुलूख लागतो. तिथल्या एका छोट्या गावाच्या कडेला चिरंजीवांचे घर आहे. घराच्या मागच्या कुंपणापलीकडे शेजाऱ्याचे कुरण. शेजारी एकटाच. बायको वारलेली, मुली दूरच्या राज्यांत. वीसेक गुरे, एक लाल रंगाचे जुने लाकडी कोठार आणि एक ट्रॅक्टर, एवढा त्याचा संसार. मी त्याला मनातल्या मनात ‘म्हातारबुवा’ म्हणत असे. पुढे गप्पांत कळले की तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे. पण एकदा पडलेले नाव पडले.

आम्ही गेलो तेव्हा म्हातारबुवा बेचैन होता. त्या वर्षी वसंतात पाऊस अंमळ जास्त झाला होता आणि कुरणातले गवत कमरेच्या वर गेले होते. टिमथी नावाचे ते गवत. अठराव्या शतकात टिमथी हॅन्सन नावाच्या शेतकऱ्याने त्याचा प्रसार केला, म्हणून त्याचे नाव त्या गवताला मिळाले. आपल्या बाजरीच्या कणसाची अगदी लहान प्रतिकृती वाटावी अशी त्याची तुरी. तुरी बाहेर पडली की दिवसागणिक काडी जाड होत जाते आणि चाऱ्यातला कस कमी होत जातो. म्हणून ते वेळेवर कापायला हवे. पण कापायचे तर तीन कोरडे दिवस हवेत. आणि त्या मुलखात जूनमध्ये सलग तीन कोरडे दिवस मिळणे म्हणजे आपल्याकडे लग्नसराईत हवे ते कार्यालय मिळण्यासारखे.

तीन दिवस कशाला? तर उभ्या हिरव्या गवतात शंभरातले पंचाहत्तर ते ऐंशी भाग पाणी असते. गठ्ठे बांधून कोठारात ठेवायचे तर ते अठराच्या आसपास किंवा त्याहून खाली यावे लागते. बरे, सारे गवत एका वेगाने वाळेल तर प्रश्नच नव्हता. पान पातळ; ते दुपारपर्यंत कुरकुरीत होते. काडी जाड आणि तिच्यावर मेणासारखा थर. ती आतले पाणी सोडायला तयार नसते. काडीची वाट पाहत बसावे तर पाने चुरा होऊन गळून पडतात, आणि खरा कस तर पानात. पानाची घाई करावी तर काडी आत ओली राहते. थोर आणि पोर यांना एकाच गाडीने यात्रेला न्यायचे, तशातली ही गोष्ट.

यावरचा उपाय म्हातारबुवाच्या पडवीत उभा होता. एक कापायचे यंत्र आणि एक चेपायचे यंत्र. कापायच्या यंत्राचे तत्त्व साधे, कात्रीचे. सात फूट लांबीच्या पट्टीवर त्रिकोणी पाती रिवेटने बसवलेली असतात आणि ती पट्टी लोखंडी बोटांच्या आतून सारखी डावी-उजवी धावत असते. मॅक्कॉर्मिकने १८३४ साली धान्यकापणीच्या ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यातही अशीच इकडून तिकडे धावणारी सुरी होती. घोडे गेले, ट्रॅक्टर आले, पण सुरी तशीच धावत राहिली. चेपायचे यंत्र मात्र त्या मानाने अलीकडचे. दोन रूळ एकमेकांवर दाबून बसवलेले. जमिनीवर कापून पडलेले गवत त्यांच्यामधून जाते आणि काडी जागोजागी चिरडून बाहेर पडते. कापणे आणि चेपणे ही दोन्ही कामे एकाच फेरीत करणारे जोडयंत्र पेन्सिल्व्हेनियातल्या न्यू हॉलंड कंपनीने १९६४ साली बाजारात आणले आणि हळूहळू सगळीकडे तेच झाले. म्हातारबुवाची दोन्ही यंत्रे त्याच्याही आधीची, वडिलांनी घेतलेली. एका शेतातून दोनदा फिरावे लागे. “जोडयंत्र का घेत नाही?” असे माझ्या मुलाने विचारले तेव्हा तो म्हणाला, “हे दोघे अजून मेले नाहीत.”

सोमवारी संध्याकाळी हवामानखात्याचा अंदाज आला : मंगळ, बुध, गुरू कोरडे, गुरुवारी रात्री पाऊस. त्या रात्री पडवीतला दिवा उशिरापर्यंत जळत होता. मी कुंपण ओलांडून गेलो. म्हातारबुवा पट्टी मांडीवर घेऊन पात्यांना धार लावत बसला होता. तीन पाती झिजून बोथट झाली होती. त्यांची रिवेटे फोडून नवी बसवली. दाट गवतात बोथट पाते चालत नाही, असे तो म्हणाला. ते गवत कापत नाही, चावते. आणि चावलेले गवत बोटांत अडकून बसते.

मंगळवारी दव उडाल्यावर काम सुरू झाले. वरचे कुरण उताराचे, गवत मध्यम. ते तासा-दीड तासात आडवे झाले. खालचे कुरण ओढ्याकाठचे. तिथे गवत इतके दाट की आत मांजर शिरले तर दिसू नये. शिवाय वाऱ्याने एका बाजूला लोळलेले. तिथे ट्रॅक्टर निम्म्या वेगाने चालू लागला, पण सुरीचा खडखडाट मात्र कमी झाला नाही. ट्रॅक्टरच्या मागचा जो दांडा सुरी चालवतो तो मिनिटाला ५४० फेरे घेतो; ते फेरे कमी होऊ द्यायचे नाहीत, फक्त गिअर खालचा टाकायचा. पाय सावकाश आणि हात जलद! दाट गवताचा सगळा मंत्र एवढाच. त्यातून त्याचा ट्रॅक्टर असा जुना की क्लच दाबला की चाकांबरोबर सुरीही थांबे. म्हणजे गवत अडकू लागल्यावर जागच्या जागी उभे राहून सुरी मोकळी करून घेण्याची सोय नाही. अडचण यायच्या आधीच ओळखावी लागे. लोळलेल्या गवताच्या मागून तो कधी जात नसे. गवत ज्या दिशेला कलले असेल तिच्या समोरून किंवा आडवा जाई. मागून गेले की सुरी गवताच्या पाठीवरून नुसती घसरते.

तरी व्हायचे ते झालेच. दुसऱ्या फेरीत ‘कडाड्’ असा आवाज आला आणि सुरी थांबली. चाकाची गती सुरीला देणारी लाकडी दांडी मधोमध मोडली होती. मला वाटले, आता दिवस गेला. म्हातारबुवा शांतपणे उतरला. इंजिन बंद केले, किल्ली खिशात घातली आणि मगच पात्याजवळ वाकला. त्याच्या डाव्या हाताच्या करंगळीचे शेवटचे पेर नव्हते. मी त्याबद्दल कधी विचारले नाही. कोठाराच्या भिंतीला तशा दोन लाकडी दांड्या टांगलेल्या होत्या. एक आणून बसवली. “ती मोडण्यासाठीच लाकडाची ठेवलीय,” तो म्हणाला. “ती मोडली नाही तर लोखंड मोडतं.”

दुपारी चेपायचे यंत्र मागे लावून तो पुन्हा त्याच वाटेने फिरला. आपल्याकडच्या रसवंतीतला चरक आठवावा. मात्र इथे रस काढायचा नसतो, नुसती काडीची हाडे खिळखिळी करायची असतात. फार दाबले तर पानाचा लगदा होतो, कमी दाबले तर काडी तशीच निघून जाते. मधूनमधून उतरून तो मूठभर गवत उचले, काड्या वाकवून बघे आणि दाबाची कळ एखाद-दुसरा आटा फिरवी. कडेचा एक पट्टा त्याने मुद्दाम न चेपता सोडला होता. “उद्या बघा,” एवढेच म्हणाला.

बुधवारी दुपारी पाहिले. चेपलेल्या गवताची मूठ हातात खुळखुळली. न चेपलेल्या पट्ट्यातली मूठ वरून तशीच वाळलेली दिसत होती. पण काडीला नख लावले तर साल सुटली आणि नखाला ओल लागली.

आमची ही हे सारे कुंपणापाशी उभी राहून पाहत होती. तिला इंग्रजी बेताचेच येते. म्हातारबुवाचे तिकडचे इंग्रजी तर मुळीच कळत नसे. पण गवत उलथवणारे यंत्र फिरू लागले, गवत हवेत उडून पसरू लागले, तशी ती म्हणाली, “अहो, हे तर वाळवण!”

आणि मग तिला सगळेच कळू लागले. दव असताना गवत का हलवायचे नाही, कापताना खाली तीन-चार बोटे खुंट का ठेवायचा (“खालून वारा नको का? आपण कुरडया खाटेवर घालतो त्या उगाच?”), पातळ का पसरायचे, संध्याकाळी ओळीत का ओढून ठेवायचे. डोंबिवलीच्या गच्चीवर चाळीस उन्हाळे पापड-सांडगे राखलेल्या बाईला शिकवण्यासारखे म्हातारबुवाजवळ फारसे काही उरले नव्हते. सूनबाई दुभाष्याचे काम करी. तिसऱ्या दिवशी पाहतो तर दोघेही दुभाष्यावाचून एकेक काडी मोडून एकमेकांना दाखवत होती.

माझी गोष्ट वेगळी. माझ्या आजोळी, वाडा तालुक्यात, गवताचाच व्यवहार होता. तेव्हाचा ठाणे जिल्हा. २०१४ पासून पालघर. आजोबांची कुरणे होती. दिवाळी सरली की कापणी सुरू होई, गवत दाबून त्याचे गठ्ठे बांधीत आणि ते मुंबईच्या तबेल्यांकडे जात. तिथे वाळवणाची ही धांदल नव्हती. पाऊस गेलेला, आकाश निरभ्र. गवत उभ्या उभ्याच पिवळे पडलेले. निसर्गानेच वाळवून दिलेले. कस कमी, पण भीती नाही. आणि यंत्रही नव्हते. वारली आणि कातकरी बायामाणसे विळे घेऊन पहाटे येत आणि वाकलेली दिसत ती दिवेलागणीपर्यंत. आम्हा मुलांना कुरणात जायची बंदी होती. साप असतात म्हणून. साप त्यांनाही चावत असतील, हा प्रश्न घरात कुणी काढल्याचे मला आठवत नाही.

गुरुवारी दुपारी वरच्या कुरणातले गवत तयार झाले. म्हातारबुवाने मूठभर गवत पिळून पाहिले. काड्या तड् तड् तुटल्या. गठ्ठे बांधायचे यंत्र लागले. चिरंजीव गाडीवर उभे राहून रचत होते, मी खाली उभा राहून मोजत होतो. एवढेच काम मला दिले होते. एका गठ्ठ्याचे वजन चाळीस-पंचेचाळीस पौंड. एक उचलून पाहावा म्हणून मी हात घातला. दोरी बोटांत रुतली आणि गुडघ्यापर्यंत उचलून मी तो परत ठेवला. बारा गठ्ठे झाले तेव्हा मनात हिशेब झाला, हे पाचशे पौंड.

तो आकडा मला ठाऊक होता. १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांनी जे लाल बावट्याचे आंदोलन केले त्यात मागणी होती ती पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मजुरीची. वेठबिगारीने गांजलेली ती माणसे गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या पाठीशी उभी राहिली. त्या ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या जमावावर गोळीबार झाला आणि पाच माणसे मेली. पहिला जेठ्या गांगड. गोदावरीबाईंनी ही सारी हकीकत पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली. ते १९७० साली निघाले. मी ते कॉलेजात असताना वाचले. आमच्या आजोळी मात्र त्या सालाचा उल्लेख एकाच वाक्यात होई : “त्या वर्षी गवत उभंच राहिलं.” जणू पाऊस पडला नाही किंवा टोळधाड आली, अशा सुरात.

पाचशे पौंड म्हणजे किती, हे मी वाचले होते. पाहिले ते त्या दिवशी. एका गाडीवर रचलेले बारा गठ्ठे. ट्रॅक्टरने, दोन पिढ्यांच्या यंत्रांनी, एका धडधाकट तरुणाच्या हातांनी. आणि तिथे, वाकलेली पाठ आणि एक विळा.

पाच वाजता पश्चिमेला ढग दिसू लागले. खालचे कुरण अजून जमिनीवर. चिरंजीवांनी फोन काढून पाहिला, पाऊस आठला. “तीन तास आहेत. आत्ता सुरुवात केली तर सगळं आत येईल,” तो म्हणाला. मलाही तेच पटत होते. म्हातारबुवा ओढ्याकाठच्या ओळींपाशी गेला, खालचे गवत उपसून काढले, पिळले. काड्या वाकल्या, तुटल्या नाहीत. त्याने नख लावून पाहिले आणि मूठ माझ्या बायकोपुढे धरली. तिने एक काडी दातांखाली चावली.

“नाही,” ती म्हणाली. “अर्धवट वाळलेलं डब्यात भरायचं नाही.”

सूनबाईने भाषांतर करायच्या आधीच तो मान हलवून माघारी वळला होता.

मुलाने पुन्हा सांगून पाहिले : निम्मे चारा-गवत खालच्या कुरणात आहे, ते भिजले तर हिवाळ्यात गुरांना काय घालणार? म्हातारबुवा कोठाराच्या उंबऱ्यावर बसला आणि त्याने आम्हांला एक गोष्ट सांगितली. तो नऊ वर्षांचा असताना असाच पाऊस येत होता. वडिलांनी ओलसर गवत घाईघाईने कोठारात भरले. लोकांनी शाबासकी दिली. तीन आठवड्यांनी मध्यरात्री कोठार पेटले. विडीची ठिणगी नाही, वीज पडलेली नाही; आग गवताच्या पोटातून आली. ओल्या गवतात जंतू वाढतात, ऊब वाढते, आणि दाबून रचलेल्या गंजीतून ती ऊब बाहेर पडू शकत नाही. दीडशे अंश फॅरनहाइटच्या वर गेली की धोका. एकशे पंचाहत्तरला आत निखारे तयार असू शकतात आणि बाहेरून काही दिसत नाही. अकरा गाई बांधलेल्या होत्या. “त्यांचा आवाज,” तो म्हणाला आणि थांबला.

कुणी काही बोलले नाही. मला मात्र आजोबांच्या ओसरीवरचे ते वाक्य आठवत राहिले. त्या गंजीतही ओल कित्येक वर्षे दाबून भरलेली होती आणि बाहेरून काही दिसत नव्हते.

पाऊस साडेसातलाच आला. दोन दिवस पडत राहिला. ओढ्याकाठचे गवत भिजून काळे पडले. आठवड्याने ते वाळले तेव्हा त्याचे गठ्ठे बांधले, पण खाण्यासाठी नव्हे. गुरांच्या अंगाखाली पसरण्यासाठी. शरद ऋतूत दोन कालवडी विकाव्या लागतील, एवढे म्हातारबुवा म्हणाला. त्यांतली एक त्याची आवडती होती, हे सूनबाईकडून कळले. रात्री उशिरा त्याच्या खिडकीत दिवा दिसे. पण त्या गवताबद्दल हळहळ त्याच्या तोंडून एकदाही निघाली नाही.

आम्ही परत निघण्याच्या आदल्या दिवशी त्याने आम्हां दोघांना कोठारात बोलावले. वरच्या कुरणाचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते. वास असा की चहाची नवी पेटी उघडली आहे असे वाटावे. भिंतीला एक लांब लोखंडी सळई टांगलेली होती. ती त्याने गंजीच्या पोटात हातभर आत खुपसली, पंधरा मिनिटे तशीच ठेवली. चांगले वाळलेले गवतही पहिले काही आठवडे थोडे ‘घामते’, म्हणून रोज सळई लावायची, असे त्याने सांगितले. मग ती बाहेर काढून टोक आमच्यापुढे धरले.

आमच्या हिने पदराला हात पुसला आणि सळईला बोटे लावली. तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तशी.

“कोमट आहे,” ती म्हणाली. “चालेल.”

म्हातारबुवाने सळई पुसून खिळ्याला अडकवली आणि कोठाराचे दार दोन्ही बाजूंनी वाऱ्यासाठी उघडे टाकले.